चिप डिटेक्टरवर सापडलेला कण

हेलिकॉप्टर पडलं की आपल्याकडे दोनच प्रश्न निघतात. हवा कशी होती आणि पायलटचं काय चुकलं? हँगरमध्ये आदल्या आठवड्यात काय झालं, हे कुणी विचारत नाही. म्हणून उत्तर समुद्रातला हा इतिहास सांगतो.

स्कॉटलंडजवळच्या तेलविहिरींवर माणसं हेलिकॉप्टरनं ये-जा करतात, आपल्याकडे जुहूहून मुंबई हायला करतात तशीच. 6 नोव्हेंबर 1986 ला अशांना घेऊन येणारं चिनूक शेटलंडच्या संबरो विमानतळाजवळ समुद्रात कोसळलं. 47 पैकी 45 जण गेले. गिअरबॉक्समधलं एक दातेरी चाक तुटलं, दोन्ही पंख्यांचा मेळ गेला आणि ते एकमेकांवर आपटले. इंजिन बंद पडलं तरी पंखा फिरता ठेवून हेलिकॉप्टर उतरवता येतं. गिअरबॉक्स फुटला तर पंखाच जातो! पुढच्या काही वर्षांत गिअरबॉक्सची थरथर उडतानाच मोजणारी ‘हम्स’ यंत्रणा तिकडे आली.

तरीही 1 एप्रिल 2009 उजाडला. ॲबर्डीनकडे परतणारं सुपर प्यूमा, आत 16 माणसं. हवा चांगली, पायलटची काही चूक नाही. तेलाचा दाब अचानक गेला आणि काही सेकंदांत मुख्य पंखा निखळला. कुणीच वाचलं नाही.

आता हँगरकडे या. गिअरबॉक्सच्या तेलात एक छोटं चुंबक असतं, चिप डिटेक्टर. आतला भाग झिजला की धातूचा चुरा त्याला चिकटतो. 25 मार्चला, म्हणजे अपघाताच्या 36 उड्डाण-तास आधी, त्यावर एक कण सापडला होता. तंत्रज्ञांनी तो लपवला नाही, उत्पादक कंपनीला कळवलं. पण सगळं फोनवर आणि ईमेलवर. कण कशाचा याचा अंदाज चुकला, दोन्हीकडच्यांचा एकमेकांच्या बोलण्याबद्दल गैरसमज झाला, आणि गिअरबॉक्सचा तो भाग उघडून बघायचं राहून गेलं. डिटेक्टरवर लक्ष ठेवायचं ठरलं. ठेवलंही. पुढे काही सापडलं नाही, कारण आतल्या प्लेटवर आणखी चुंबकं होती आणि चुरा बाहेर येण्याआधी तीच धरून ठेवू शकत होती. नंतर ती चुंबकं काढायला लावली. याला कामचुकारपणा म्हणवत नाही मला. यातला प्रत्येक माणूस काहीतरी करत होता, आणि भीती वाटते ती त्याचीच.

बरं, इथेही गोष्ट संपली नाही. 29 एप्रिल 2016, नॉर्वे. त्याच घराण्यातलं हेलिकॉप्टर, गिअरबॉक्समधलं तसंच चाक, 13 मृत्यू. या वेळी तडा पृष्ठभागाखालून वाढत गेला होता, चुरा जवळजवळ पडलाच नव्हता. (तो गिअरबॉक्स आदल्या वर्षी ऑस्ट्रेलियात ट्रकच्या अपघातात सापडून दुरुस्त झालेला. संबंध मात्र सिद्ध झाला नाही.) म्हणजे जिथे डिटेक्टर गप्प राहतो तिथे काय करायचं, हा प्रश्न कारखान्यात गेला.

आपल्याकडे 13 जानेवारी 2018 ला मुंबई हायकडे निघालेले सातजण गेले. 28 जून 2022 ला सागर किरण रिगजवळ नऊपैकी चार. त्यांची कारणं मी वरच्या अपघातांना जोडत नाही. पण जुहूहून रोज उडणाऱ्या कामगारांच्या संघटनांनी पगारवाढीच्या बैठकीत एक मागणी जोडावी: आपण बसतो त्या हेलिकॉप्टरच्या गिअरबॉक्सच्या नोंदी आम्हाला दर महिन्याला दाखवा.