डिजिपीटरची कुळकथा

हौशी रेडिओ केंद्रांमधला डिजिटल मजकूर टप्प्याटप्प्याने पुढे नेणाऱ्या केंद्राला डिजिपीटर म्हणतात. आवाजाचा रिपीटर एका फ्रीक्वेन्सीवर ऐकता ऐकताच दुसरीवर प्रक्षेपण करतो. डिजिपीटरला एकच फ्रीक्वेन्सी पुरते: तो मजकुराचे पॅकेट पूर्ण ऐकतो, त्यात चूक नाही याची खात्री करतो आणि चॅनल मोकळा होताच ते पुन्हा पाठवतो.

रेडिओवरून पॅकेट पाठवण्याची सुरुवात 1971 मध्ये हवाई विद्यापीठाच्या ‘अलोहानेट’ने केली. नॉर्मन अब्रॅमसन यांच्या या प्रकल्पाने बेटाबेटांवरची टर्मिनल होनोलुलूच्या संगणकाशी जोडली. 1978 मध्ये कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या हॅमनी, म्हणजे हौशी रेडिओचालकांनी, हे तंत्र उचलले. अमेरिकेत 1980 च्या मार्चमध्ये हॅमना संगणकाची आस्की लिपी वापरण्याची मुभा मिळाली आणि त्याच डिसेंबरात हँक मॅग्नुस्की यांनी सॅन फ्रान्सिस्को परिसरात 2 मीटर बँडवर पहिला डिजिपीटर सुरू केला.

1984 मध्ये हौशी पॅकेट रेडिओच्या एएक्स.25 या नियमावलीची दुसरी आवृत्ती आली. तिच्यानुसार पाठवणारा स्वतःच वाट आखून देतो. पॅकेटच्या पत्त्यात दोन्ही टोकांच्या केंद्रांच्या कॉलसाइननंतर (ओळखनावांनंतर) वाटेतल्या जास्तीत जास्त 8 डिजिपीटरांची नावे ओळीने येतात. प्रत्येक नावाला 7 बाइट. शेवटच्या बाइटमधला एक बिट ‘इथून पुढे गेले’ ही खूण. आपला क्रम येताच डिजिपीटर ती खूण करून पॅकेट पुढे धाडतो. पडद्यावर ती कॉलसाइनपुढे तारांकन म्हणून दिसते.

या रचनेत पोच मात्र थेट शेवटच्या केंद्राकडूनच यायची. प्रत्येक टप्पा 100 पैकी 90 वेळा पार पडतो असे धरले, तरी चार टप्प्यांनंतर 66 च पॅकेट पोचतात. हुकलेले पुन्हा पहिल्यापासून पाठवावे लागते. म्हणून पुढे ‘नेट/रॉम’सारख्या प्रणालींत दर टप्प्यावर शेजारच्या केंद्राकडून पोच घेण्याची सोय झाली.

साधा डिजिपीटर टिकला तो बॉब ब्रुनिंगा यांच्या ‘एपीआरएस’ या प्रणालीमुळे. त्यात ठिकाण, हवामान, छोटे निरोप सर्वांसाठी प्रसारित होतात, त्यामुळे एखादे पॅकेट हुकले तरी फारसे बिघडत नाही. वाटेत ठरावीक कॉलसाइनऐवजी ‘वाइड2-2’ असे लिहितात. दर टप्प्याला शेवटचा आकडा एकाने घटतो आणि शून्यावर प्रवास थांबतो. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरचा डिजिपीटरही 145.825 मेगाहर्ट्झवर अशीच पॅकेट परत पाठवतो; स्थानक डोक्यावरून जाताना शेकडो किलोमीटर दूरची केंद्रे एका टप्प्यात जोडली जातात.