कार्लाईलची निःशब्द खोली
लंडनच्या चेल्सी भागांत राहणारा इतिहासकार टॉमस कार्लाईल शेजारच्या कोंबड्यांनीं व पियानोनें त्रासून गेला होता. म्हणून १८५३ सालीं त्यानें घराच्या माथ्यावर दुहेरी भिंतींची, छपरांतून उजेड घेणारी अभ्यासिका बांधविली. परंतु जवळचे आवाज मंदावतांच दूरच्या आगगाड्यांच्या शिट्ट्या कानीं येऊं लागल्या!

घरीं ध्वनिमुद्रणाची खोली उभारणाऱ्यानें हा इतिहास ध्यानांत ठेवावा. गाद्या-गिरद्यांनीं खोलींतला घुमारा कमी होतो. बाहेरचा गलबला मात्र जड, निश्छिद्र भिंतीच अडवितात, आणि दाराची लहानशी फटहि त्यांचें काम व्यर्थ करते.

कार्लाईलनें त्याच खोलींत प्रशियाच्या फ्रेडरिक राजाचें सहा खंडांचें चरित्र १८६५ सालीं पुरें केलें. संपूर्ण शांतता त्याला लाभली नाहीं. कार्य मात्र सिद्धीस गेलें.