समुद्रमाता आणि कोळीवाडा : उत्तर कोकणातील ख्रिस्ती मच्छीमारांची श्रद्धा व उपजीविका

पडेगावासारख्या ठिकाणी राहणाऱ्यास मासेमारी म्हटली की गोदावरीचे डोह आठवतात, फार तर पैठणजवळचा नाथसागर डोळ्यांपुढे येतो. तेथे जाळे टाकणारा भोई बहुधा सायंकाळी घरी परततो. समुद्राची गोष्ट निराळी आहे. तेथे गेलेला मनुष्य परतेल की नाही, हा प्रश्न त्याच्या घरात रोज नव्याने उभा राहतो. मराठी ख्रिस्ती समाजाविषयीचीही आपली कल्पना अशीच प्रदेशाने घडविलेली आहे. औरंगाबादचा स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत १९७७ साली स्थापन झाला. त्यातील ख्रिस्ती समाज मुख्यतः शेतीवर व मजुरीवर जगणारा. त्यामुळे चार शतकांहून अधिक काळ समुद्रावर उपजीविका करीत आलेला वसई, उत्तन, गोराई, मनोरी, मढ या भागांतील ख्रिस्ती कोळी आपल्या दृष्टीतून सहज निसटतो. या समाजाने धंद्यातील आपत्तींमध्ये आपल्या श्रद्धेचा आधार कसा घेतला, आणि आपत्तींचे स्वरूप पालटले तेव्हा त्या आधाराचे काय झाले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आरंभीच साधनांविषयी एक इशारा देणे आवश्यक वाटते. कोळ्याने स्वतः फारसे लिहून ठेवलेले नाही. जुनी माहिती मिळते ती मिशनऱ्यांच्या पत्रांतून, पोर्तुगीज दप्तरांतून व इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरांतून. मिशनऱ्यास बाप्तिस्मे मोजावयाचे असत, दप्तरदारास कर मोजावयाचा असे, आणि गॅझेटियरकारास जाती मोजावयाच्या असत. वादळाच्या रात्री किनाऱ्यावर उभ्या असलेल्या स्त्रीच्या मनात काय होते, हे यांपैकी कोणीच नोंदविलेले नाही. म्हणून येथे सण, नवस, क्रूस, मूर्ती आणि संघटना यांवरून, म्हणजे लोकांनी जे केले त्यावरून, अनुमान करणे प्राप्त आहे.

प्रथम धंद्याचे स्वरूप पाहू. उत्तर कोकणातील कोळ्यांचे प्रमुख साधन म्हणजे डोल. समुद्रतळाशी रोवलेल्या खुंटांना हे पिशवीसारखे जाळे बांधतात, आणि भरती-ओहोटीचा प्रवाह मासे त्यात आणून सोडतो. उधाणाच्या दिवसांत प्रवाह जोराचा म्हणून मासळी अधिक. भांगाच्या दिवसांत ती कमी. बोंबील हा या जाळ्याचा मुख्य मासा. तो ओला फार वेळ टिकत नाही. म्हणून बांबूंच्या मांडवांवर उन्हात सुकवावा लागतो, आणि अवेळी पाऊस आल्यास सगळे श्रम वाया जातात. नाखवा, तांडेल व खलाशी यांच्यात वाटे ठरलेले असतात, विक्रीचा हिशेब बव्हंशी स्त्रियांच्या हाती असतो, आणि जाळे व होडी यांसाठी घेतलेली दलालाची उचल वर्षानुवर्षे फिटत नाही. तात्पर्य, कोळ्याच्या डोक्यावर तीन प्रकारची अनिश्चितता एकाच वेळी असते : प्राणाची, मासळीची व भावाची. शेतकऱ्याचे पीक बुडाले तरी जमीन उरते. कोळ्याची होडी बुडाली तर भांडवल व मनुष्य दोन्ही एकदमच जातात.

गुजरातच्या सुलतान बहादुरशहाने १५३४ साली वसई पोर्तुगीजांना दिली. त्यानंतर फ्रान्सिस्कन व पाठोपाठ जेझुइट धर्मगुरूंनी वसई आणि साष्टी येथे धर्मप्रसार केला. येथील धर्मांतरांमागे राजसत्तेचे वजन होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. याच सुमारास तामिळनाडूच्या मोत्यांच्या किनाऱ्यावरील परवर मच्छीमारांनी पोर्तुगीजांचे संरक्षण मिळावे म्हणून सामुदायिक बाप्तिस्मा घेतला, आणि १५४२ साली फ्रान्सिस झेवियर तेथे गेला तो या आधीच ख्रिस्ती झालेल्या लोकांत. धर्म प्रथम आश्रय म्हणून आला आणि पुढे श्रद्धा म्हणून रुजला, असा क्रम दोन्ही किनाऱ्यांवर दिसतो. मात्र तो केवळ आश्रयच होता असे म्हणावे, तर १७३९ नंतरच्या घटनेचा उलगडा होत नाही.

१७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसई घेतली. पोर्तुगीज सत्ता गेली आणि तिच्याबरोबर युरोपीय धर्मगुरूही गेले. अनेक चर्चे व मठ ओस पडले. जो धर्म केवळ सत्तेच्या आधाराने टिकला असता, तो या वेळी लोपावयास हवा होता. परंतु किनाऱ्यावरील कोळी मोठ्या संख्येने ख्रिस्तीच राहिले. देशी पाद्री थोडे होते. प्रार्थना, जपमाळ व सण यांचा भार गावकऱ्यांनीच वाहिला असला पाहिजे. १७७४ साली साष्टी इंग्रजांकडे गेली, आणि १८८७ साली या प्रदेशातील मूळच्या ख्रिस्ती लोकांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव स्वीकारले, तेव्हा त्यांच्यात कोळी हा एक स्पष्ट घटक होता. राज्ये तीन बदलली; भरती-ओहोटीचे वेळापत्रक व त्याला जोडलेली प्रार्थना कायम राहिली.

या श्रद्धेचे सर्वांत बोलके प्रतीक वांद्र्याची मोत माउली होय. ‘मोंत’ म्हणजे डोंगर या पोर्तुगीज शब्दाचे कोळ्यांच्या तोंडी ‘मोत’ झाले, आणि डोंगरावरची मरिया ‘माउली’ झाली. एका कोळ्यास स्वप्नात दृष्टान्त झाला आणि त्याप्रमाणे समुद्रात मूर्ती सापडली, अशी आख्यायिका आहे. तिच्या ऐतिहासिक सत्यतेचा निर्णय करणे हे येथे प्रयोजन नाही. आख्यायिकेची रचना मात्र लक्षणीय आहे. मूर्ती युरोपातून आली असे कथा सांगत नाही. ती समुद्राने दिली आणि कोळ्याच्या हाती दिली, असे सांगते. जो समुद्र माणसे नेतो, त्यानेच माउली आणून दिली. परक्या सत्तेबरोबर आलेला धर्म आपला करून घेण्याची यापेक्षा पूर्ण रीत सांगणे कठीण आहे. उत्तन येथील चर्चही समुद्रमातेच्याच नावाचे आहे. मोत माउलीची जत्रा ८ सप्टेंबर या मरियेच्या जन्मदिनानंतरच्या रविवारी सुरू होते, आणि तेथे हिंदू कोळीही नवस फेडावयास येतात. मेणाच्या आकृती अर्पण करणाऱ्यांत कोण कोणत्या धर्माचा, हे ओळखणे कठीण व्हावे इतकी ही भक्ती सामाईक आहे.

सणांचे दिवसही धंद्याशी जुळलेले दिसतात. संत पेत्र हा गालील सरोवरावरचा कोळी; त्याचा व संत पावलाचा सण २९ जून रोजी, म्हणजे होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात त्या पावसाळ्यात येतो. गोव्यात त्या दिवशी होड्या एकत्र बांधून ‘सांगोड’ साजरा करतात. हिंदू कोळी नारळी पौर्णिमेस समुद्रास नारळ देतो, तर ख्रिस्ती कोळी हंगामाच्या तोंडी धर्मगुरूकडून होड्यांना आशीर्वाद घेतो. दोन्ही विधी एकच गोष्ट सर्वांसमक्ष सांगतात : आता गाव धोका पत्करीत आहे, आणि तो एकट्याचा नाही.

याहून गंभीर प्रसंग बेपत्ता माणसाचा. १६१८ च्या मे महिन्यातील वादळाने वसई-मुंबईचा किनारा उद्ध्वस्त केला; ११ नोव्हेंबर २००९ रोजी ‘फयान’ आले; मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’. समुद्रात गेलेल्याचा देह पुष्कळदा मिळत नाही. कायद्याच्या दृष्टीने तो मनुष्य मृत नसतो. १८७२ च्या पुरावा कायद्याने मृत्यूचे अनुमान करण्यास सात वर्षांची मुदत घातली, आणि २०२३ च्या नव्या कायद्यातही ती तशीच राहिली. या मुदतीत त्याची पत्नी धड सधवा नाही, धड विधवा नाही; तिचे कर्ज मात्र चालू असते. चर्च इतका काळ थांबत नाही. देहावाचूनही त्याच्या नावाने मिस्सा होते, आणि २ नोव्हेंबरच्या मृतांच्या स्मरणदिनी त्याचे नाव इतरांबरोबर घेता येते. ज्या दुःखाला कागद मिळत नाही त्याला निदान नाव व दिवस मिळतो. श्रद्धेचे हे कार्य सांत्वनाहून अधिक आहे. ते त्या घराला पुन्हा गावात स्थान देते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संकटाची जातच बदलली. यंत्रे आली, नायलॉनची जाळी आली, आणि त्यांपाठोपाठ तळ खरवडणारे ट्रॉलर व माशांचे थवेच्या थवे वेढणारी पर्सिन जाळी आली. वादळ देवाघरून येते असे म्हणता येते. ट्रॉलर परवाना घेऊन येतो. मग प्रार्थना कोणाकडे करावयाची? या प्रश्नाचे उत्तर प्रथम गोव्यात व केरळात मिळाले. गोव्यातील रापणकार संघटित झाले. १९७८ साली लहान मच्छीमारांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली; तिचे पहिले अध्यक्ष गोव्याचे मातान्ही साल्ढाणा होते, आणि पुढे रिडेम्प्टोरिस्ट धर्मगुरू टॉमस कोचेरी यांनी तिचे दीर्घकाळ नेतृत्व केले. गोव्यात व केरळात १९८० साली आणि महाराष्ट्रात १९८१ साली सागरी मासेमारी नियमन कायदे झाले. परदेशी भागीदारीतील खोल समुद्रातील जहाजांविरुद्ध १९९४ साली देशव्यापी संप झाला, त्यात हिंदू, मुसलमान व ख्रिस्ती मच्छीमार एकत्र होते. परिणामी मुरारी समिती नेमली गेली, व तिने १९९६ साली ते परवाने रद्द करण्याची शिफारस केली.

येथे दोन सावधगिरीच्या गोष्टी नमूद केल्या पाहिजेत. पहिली ही की, हे आंदोलन चर्चचे नव्हते. केरळात वरिष्ठ धर्माधिकाऱ्यांना धर्मगुरूंचे रस्त्यावर येणे रुचले नव्हते. उपवास व एकत्र जमण्याची सवय गावाने चर्चमध्ये मिळविली होती. ती वापरावयाची कोठे, हे मात्र मच्छीमारांनी ठरविले. दुसरी ही की, श्रद्धेने मासळी वाढत नाही. महाराष्ट्राचे सागरी मत्स्योत्पादन २०१८ मध्ये सुमारे २.९५ लाख टन होते, ते २०१९ मध्ये सुमारे २.०१ लाख टनांवर, म्हणजे साडेचार दशकांतील नीचांकावर आले. त्या वर्षीच्या लागोपाठच्या चक्रीवादळांनी होड्या बंदरातच अडकवून ठेवल्या. पर्सिन जाळ्यांवर राज्याने २०१६ साली निर्बंध घातले. प्रकाशझोतातील मासेमारीस केंद्राने २०१७ साली मनाई केली. नियम झाले तरी त्यांची अंमलबजावणी हा वेगळा झगडा आहे. पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदरास २०२४ साली मंजुरी मिळाली, तेव्हा किनाऱ्यावरील हिंदू व ख्रिस्ती मच्छीमारांपुढे एकच भय उभे राहिले.

एकूण विचार करता असे म्हणावे लागते की, उत्तर कोकणातील ख्रिस्ती कोळ्याची श्रद्धा ही संकट टाळण्याची युक्ती नव्हती, आणि निमूट सोसण्याचे निमित्तही नव्हती. ती संकट वाटून घेण्याची रीत होती. नवस एकट्याने केला तरी तो सर्वांदेखत फेडावयाचा; आशीर्वाद नाखव्याच्या मोठ्या होडीस तसाच लहान होडीस; बेपत्ता माणसाचे नाव सर्वांनी मिळून घ्यावयाचे. याच रीतीने पुढे संपात एकत्र उभे राहण्याचे बळ दिले. पण या रीतीला एक अट आहे. संकट वाटून घेण्यास वाटेकरी हवेत. जुन्या वादळांनी माणसे नेली, तरी गाव उरत असे व जागा भरून निघत असे. आता समुद्रच ओस पडला आणि कोळ्याची मुले कचेऱ्यांकडे वळली, तर माणसे सुखरूप राहतील. परंतु आशीर्वाद घ्यावयास किनाऱ्यावर होड्या राहणार नाहीत. चारशे वर्षांत तीन राज्ये पाहून टिकलेल्या या श्रद्धेपुढे असा प्रसंग पूर्वी आलेला नाही. म्हणून कोळीवाड्यातील वृद्ध स्त्री-पुरुषांच्या आठवणी, प्रार्थना व नवसांच्या कथा आजच टिपून घेणे हे अभ्यासकांचे कर्तव्य ठरते. दप्तरांनी जे नोंदविले नाही ते सांगणारे तेवढेच साधन आता उरले आहे.