ठेका जमैकाचा, नाव दुसऱ्यांचे

रेगेटन म्हणजे लॅटिन संगीत, असे सर्रास सांगितले जाते. आम्हाला ते मान्य नाही. ज्या ठेक्यावर रेगेटन उभे आहे तो जमैकाच्या काळ्या वस्त्यांतून आला. तो घडवणाऱ्यांची नावे इतिहासातून आपोआप गळालेली नाहीत.

१९८९ मध्ये किंग्स्टनच्या वायक्लिफ जॉन्सन ऊर्फ स्टीली आणि क्लीव्हलँड ब्राऊन ऊर्फ क्लीव्ही या जोडीने ‘फिश मार्केट’ नावाची रिडिम केली. रिडिम म्हणजे ड्रम आणि बासचा, शब्दांविना उभा केलेला पाया. जमैकात एका रिडिमवर अनेक गायक आपापले शब्द घेऊन उतरतात. ‘फिश मार्केट’वर ग्रेगरी पेकने (हा हॉलिवूडचा नट नव्हे) ‘पोको मॅन जॅम’ गायले. त्याच घडणीतून पुढे शाबा रँक्सचे ‘डेम बो’ आले. या गाण्यात समलिंगी माणसांविषयी द्वेष आहे. शोषितांचे संगीत म्हणून आम्ही तो झाकणार नाही.

पनामाचा कालवा खणायला जमैका, बार्बाडोसहून काळे मजूर नेले गेले होते. पनामात राहिलेल्या त्यांच्या वंशजांची भाषा स्पॅनिश झाली, कान मात्र कॅरिबियनच राहिले. त्या समाजातल्या एल जनरल, नँडो बूम यांनी ‘डेम बो’ स्पॅनिशमध्ये गायले. तिथून हा ठेका पोर्तो रिकोच्या डीजेंकडे गेला आणि ‘डेम्बो’ हे गाण्याचे नाव ठेक्यालाच चिकटले. ज्यांनी तो वाजवला, त्यांचे नाव मागे पडले.

ही चोरी, की देवाणघेवाण? ओळखीच्या चालीवर नवे शब्द बांधणे जलशाच्या परंपरेतून आलेल्या आम्हाला परके नाही. किंग्स्टनच्या गायकांनी एकच रिडिम वाटून घेतली, तेव्हा ती कुणाची हे सगळ्यांना ठाऊक होते. अर्थात तिथेही सगळे न्याय्य नव्हते. वादकाच्या हातावर ठरावीक पैसे टेकवायचे आणि मालकी निर्मात्याने ठेवायची, ही रीत जमैकात जुनीच. त्यात १९९३ पर्यंत त्या देशात ब्रिटिशांचा १९११ चा कॉपीराइट कायदा चालू होता. गरिबांनी आपसात वाटून घेतलेली गोष्ट बड्या कंपन्यांनी ‘ही तर सगळ्यांचीच’ म्हणून उचलली आणि तिच्यावर केलेल्या गाण्यांची मालकी मात्र स्वतःच्या नावावर चढवली. आमचा आक्षेप या दुटप्पीपणाला आहे.

२०२१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात दावा दाखल झाला. पुढे त्यात दीड हजारांहून अधिक गाणी आली. डॅडी यँकी, लुईस फोन्सी यांच्यासारखी नावे आली. ठेक्यासारख्या सामान्य गोष्टीवर कुणाची मालकी असू शकत नाही, असा प्रतिवादींचा युक्तिवाद. दावा सुरुवातीलाच फेटाळावा ही त्यांची मागणी २०२४ मध्ये न्यायाधीशांनी नाकारली. दावा लावणाऱ्यांत क्लीव्ही आणि स्टीलीचे वारस होते. स्टीली २००९ मध्येच वारले होते.