वर्गखोली आणि वॉर्ड

आपल्या कित्येक घरांतील मुली परिचारिकेचे शिक्षण घेण्यासाठी बाहेर पडतात. पुस्तकातील धडा आणि वॉर्डातील रुग्ण यांमध्ये किती अंतर असते, हे त्यांना पहिल्याच पाळीत उमगते. ते अंतर ओलांडताना विद्यार्थिनीचा हात कोणी धरावा, हा प्रश्न आधुनिक परिचर्याशिक्षणाइतकाच जुना आहे. इंग्लंडच्या इतिहासात तो विशेष स्पष्ट दिसतो.

क्रिमियन युद्धातील सेवेच्या गौरवार्थ फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावे लोकवर्गणीतून सुमारे ४४ हजार पौंडांचा निधी जमला. त्यातून १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिका विद्यालय सुरू झाले. पहिल्या तुकडीत १५ विद्यार्थिनी होत्या. व्याख्याने डॉक्टरांनी द्यावीत व प्रत्यक्ष काम वॉर्डाच्या सिस्टरने शिकवावे, अशी योजना होती. परंतु सिस्टरच्या शिरावर साऱ्या वॉर्डाचा भार. शिकविण्यास सवड कोठून मिळणार? विद्यार्थिनी कामाला जुंपल्या जात व शिकणे मागे पडे. १८७० नंतर नाइटिंगेल यांनी बारकाईने चौकशी केली, तेव्हा हा दोष त्यांच्या ध्यानी आला. त्यातूनच 'होम सिस्टर' हे पद निर्माण झाले. विद्यार्थिनींचा अभ्यास घेणे आणि त्यांच्यावर मायेची नजर ठेवणे, हे तिचे काम होते.

पुढे १८९३ साली ग्लासगो येथे रिबेका स्ट्राँग यांनी वॉर्डात जाण्यापूर्वीच विद्यार्थिनींना पायाभूत शिक्षण देण्याची प्रथा घातली. विसाव्या शतकात 'सिस्टर ट्यूटर' आल्या, मग वॉर्डातच शिकविणारे 'क्लिनिकल टीचर' आले. तरीही विद्यार्थिनी ही प्रामुख्याने रुग्णालयाची कामकरीच राहिली. १९६० साली इझाबेल मेन्झिस यांनी लंडनच्या एका रुग्णालयाचा अभ्यास प्रसिद्ध केला. वेदना आणि मृत्यू यांच्या सान्निध्यात तरुण परिचारिकांच्या मनात दाटणारी भीती व्यवस्थेला पेलत नव्हती. त्यांना सतत या वॉर्डातून त्या वॉर्डात हलविले जाई; भावना दडपणे हेच शिस्तीचे लक्षण मानले जाई.

'प्रोजेक्ट २०००' या १९८६ च्या योजनेने विद्यार्थिनीला कामगारांच्या संख्येतून वगळले. १९८९ पासून ती अमलात आली आणि नव्वदच्या दशकात हे शिक्षण विद्यापीठांत गेले. विद्यार्थिनी खऱ्या अर्थाने विद्यार्थिनी झाली. पण तिचे प्राध्यापक मात्र रुग्णशय्येपासून दूर गेले. १९९९ साली लिओनार्ड पीच यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाला प्रत्यक्ष कौशल्यांवर अधिक भर देण्याची शिफारस करावी लागली. २०१८ च्या नव्या मानकांनी वॉर्डात मार्गदर्शन करणारी व्यक्ती आणि परीक्षण करणारी व्यक्ती वेगळ्या ठेवल्या. विद्यापीठाच्या वतीनेही एक परीक्षक नेमला.

या दीडशे वर्षांच्या वाटचालीचा बोध काय? इंजेक्शन कसे द्यावे, हे वॉर्डातील अनुभवी परिचारिका उत्तम दाखवू शकते. प्राध्यापकाचे काम निराळे आहे. पहिला मृत्यू पाहून गप्प झालेल्या मुलीला बोलते करणे, तिने पाहिलेल्या गोष्टीचा शिकलेल्या गोष्टीशी मेळ घालून देणे, आणि वॉर्डाच्या गर्दीत तिचे शिकणे हरवत असल्यास तिच्या बाजूने शब्द टाकणे, हे ते काम होय. पदांची नावे बदलत गेली, गरज मात्र तीच राहिली. जिची विचारपूस कोणी केली नाही, तिने रुग्णाची विचारपूस कोठून शिकावी?