स्लो न धरणाऱ्या गाडीचा इतिहास

२२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाची पायाभरणी झाली. या धरणाच्या विलंबाविषयी, वाढत गेलेल्या खर्चाविषयी आणि विस्थापितांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या काळी भंडारा-पवनी परिसरात धावणाऱ्या मोटारींचा इतिहास मात्र सहसा कोणी लिहीत नाही.

१९८८ साली भारतीय रस्त्यावर दिसणाऱ्या मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या होत्या : अँबॅसडर, प्रीमियर पद्मिनी, जीप आणि पाच वर्षांपूर्वी आलेली मारुती ८००. यांतील पेट्रोलवर चालणारी प्रत्येक गाडी कार्बोरेटरची होती आणि प्रत्येकीला एक दुखणे ठाऊक होते. गाडी वेगात असेपर्यंत सारे ठीक असे. रेल्वे फाटकाशी थांबताच इंजिनाचा आवाज वरखाली होऊ लागे, बॉनेट थरथरे आणि गाडी बंद पडे. गॅरेजच्या भाषेत, ‘गाडी स्लो धरत नाही’.

हे दुखणे नेमके थांबल्यावरच का उद्भवते, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. पेट्रोलचा फवारा उडवणारा कार्बोरेटर १८९३ च्या सुमारास आकाराला आला. जर्मनीत विल्हेल्म मायबाख आणि हंगेरीत बांकी व चोंका हे जवळपास एकाच वेळी त्या कल्पनेपाशी पोहोचले होते. अरुंद नळीतून हवा वेगाने गेली की तेथील दाब उतरतो आणि छिद्रातून पेट्रोल ओढले जाते, एवढेच त्यामागचे तत्त्व. पण चालकाने अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की हवेची झडप जवळजवळ मिटते. नळीतील हवा मंदावते आणि मुख्य छिद्रातून पेट्रोल येईनासे होते. म्हणून झडपेच्या पलीकडे, जेथे इंजिनाची ओढ सर्वाधिक असते तेथे, पेट्रोलसाठी दुसरी चोरवाट ठेवावी लागली. या वाटेवरच्या जेटचे छिद्र सुमारे अर्ध्या मिलिमीटरचे. स्लोवर चालणारे इंजिन त्या छिद्राच्या भरवशावर जगते.

साहजिकच तेथे बारीकशीही गफलत खपत नाही. मॅनिफोल्डचे गॅसकेट जराशी हवा आत घेऊ लागले, तर वेगात ती जाणवत नाही, कारण तेव्हा इंजिन भरपूर हवा पीत असते. स्लोवर मात्र तेवढीच हवा मिश्रण पातळ करून इंजिन बंद पाडते. ब्रेकच्या व्हॅक्यूम नळीला पडलेली चीर हाच प्रताप करते. दोष रबराचा असतो आणि कार्बोरेटर फुकट बदनाम होतो.

या गाड्यांपैकी पद्मिनी मुंबईत, कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होई. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने फियाटच्या परवान्यावर ११०० मालिकेतील मोटार बनवायला घेतली. १९७० च्या दशकात तिचेच नाव पद्मिनी झाले. १०८९ सीसीचे, चार सिलिंडरचे हे इंजिन टॅक्सीच्या रूपाने मुंबईत आणि खासगी गाडीच्या रूपाने महाराष्ट्रभर पसरले. ते दुरुस्त करणारी मिस्त्र्यांची फळीही त्याबरोबरच गावोगावी उभी राहिली. त्यांतील बहुतेकांनी हे ज्ञान पुस्तकातून नव्हे, तर उस्तादाच्या हाताखाली पाने पुसत मिळवले.

या ज्ञानाचा गाभा क्रमात होता. कच्चा मिस्त्री आल्या आल्या स्लोचा स्क्रू पिळी. आवाज वाढे, गाडी बंद पडणे थांबे, गिऱ्हाईक पैसे देऊन जाई आणि आठवड्याने परत येई. मुरलेला मिस्त्री कार्बोरेटरला सर्वांत शेवटी हात लावी. आधी डिस्ट्रिब्युटरचे झाकण उघडून पॉइंट पाही. पॉइंटमधली फट साधारण ०.४ मिलिमीटर हवी. ते जळून खड्डे पडले असतील किंवा कंडेन्सर बसला असेल, तर ठिणगी दुबळी होते. मग टॅपेटची फट. मग चालू इंजिनात एकेका प्लगची वायर क्षणभर काढून पाहणे. वायर काढल्यावर आवाज आणखी पडला, तर तो सिलिंडर निरोगी. ज्याची वायर काढूनही काही फरक पडत नाही, तोच आजारी. एवढी नेमकी परीक्षा आणि खर्च शून्य!

त्यानंतर गॅसकेटच्या सांध्यांवर तेलाचे थेंब सोडले जात. तेल आत ओढले जाऊन आवाज बदलला की गळती सापडली. हे सारे निर्दोष ठरले, तरच कार्बोरेटर उघडायचा आणि जेट हवेच्या झोताने साफ करायचा. तारेने छिद्र कोरणे हा मोठा अपराध; छिद्र केसभर रुंदावले, तरी गाडी कायमची जास्त पेट्रोल पिऊ लागते. सर्वांत शेवटी, गरम इंजिनावर, मिश्रणाचा स्क्रू आवाज अडखळेपर्यंत आत आणि तो सर्वांत सुरळीत होईपर्यंत बाहेर.

विदर्भाने यात स्वतःची भर घातली. एप्रिल-मे महिन्यांत वैनगंगेच्या खोऱ्यात पारा चाळिशी ओलांडतो. इंजिनाच्या अंगाला चिकटलेल्या यांत्रिक पंपात पेट्रोलची वाफ होई आणि पुरवठा तुटे. अशा वेळी पंपावर ओले फडके टाकून दहा मिनिटे सावलीत थांबणे हाच उपाय असे. येथे स्क्रू फिरवणारा मिस्त्री फसे, कारण दोष संध्याकाळी आपोआप नाहीसा होई आणि बिघडवलेला स्क्रू तेवढा मागे राही.

आजवर मिस्त्री आणि मालक यांच्यातल्या या गोष्टीत १९९० च्या सुमारास कायदा आला. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनी चारचाकी पेट्रोल गाडीच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला ३ टक्क्यांची मर्यादा घातली आणि ती मोजायची होती स्लोवर. म्हणजे मिस्त्रीच्या कानाने ठरणारी गोष्ट आता यंत्राच्या काट्याने ठरू लागली. कानाला गोड वाटणारा स्लो बहुधा जास्त पेट्रोलचा असतो, त्यामुळे दोघांचे पटेना. पीयूसीपुरता स्क्रू आवळायचा आणि दाखला हाती पडताच पुन्हा सैल करायचा, ही युक्ती लवकरच सर्वतोमुखी झाली. तिची किंमत चौकात उभ्या असलेल्या माणसाच्या फुप्फुसांनी मोजली.

२००० च्या आसपास उत्सर्जनाचे नियम कडक झाले, मारुती ८०० ला एमपीएफआय इंजिन आले आणि पद्मिनीचे उत्पादन थांबले. मुंबईच्या रस्त्यावरून तिची शेवटची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबर अखेरीस निवृत्त झाली. नव्या गाड्यांत स्लो संगणक सांभाळतो आणि स्क्रू दृष्टीसच पडत नाही. गळती मात्र तीच आहे. फरक इतकाच, की अनेक नव्या गाड्यांत चोरटी हवा शिरली तर संगणक तिच्या मापाने जादा पेट्रोल देतो आणि स्लो पडण्याऐवजी चढतो.

जुन्या कार्बोरेटरपुढे आता नवा प्रश्न आहे तो इथेनॉलचा. भारतातील मिश्रणाचे आरंभीचे प्रयोग २००१ साली मिरज आणि मनमाड येथेही झाले. २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला हवेचे सुमारे १४.७ भाग लागतात, या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. संगणक हा फरक ओळखून जुळवून घेतो. अर्ध्या मिलिमीटरचे छिद्र जुळवून घेऊ शकत नाही. मिश्रण पातळ पडते आणि गाडी पुन्हा फाटकाशी बंद पडू लागते. शिवाय इथेनॉल जुने रबर फुगवते, मऊ करते. म्हणून अशी गाडी आली की जाणता मिस्त्री आजही आधी पेट्रोलच्या नळ्या बदलतो, मग गाळणी पाहतो, आणि त्यानंतरच मिश्रणाचा स्क्रू किंचित बाहेर घेतो.