एका ओळीचा कॅमेरा : स्टुटगार्ट ते श्रीहरिकोटा

स्टुटगार्टच्या विमानतळाला लागून मेसेची जी मोठी दालने २००७ साली सुरू झाली, तिथे ‘व्हिजन’ नावाचे एक प्रदर्शन भरते. पूर्वी ते दरवर्षी भरत असे, २०१४ पासून एक वर्षाआड भरते. यंत्रांना डोळे देणाऱ्या उपकरणांच्या प्रदर्शनांत त्याचे नाव जगात अग्रक्रमाने घेतले जाते. आपल्यापैकी जे बॉशमध्ये, मर्सिडीजमध्ये किंवा त्यांना माल पुरवणाऱ्या कंपन्यांत काम करतात, त्यांतल्या काहींनी तिथे चक्कर मारलीही असेल. माझा व्यवसाय मोजमापाच्या कॅमेऱ्यांचा, त्यामुळे माझी ही वारी सहसा चुकत नाही.

तिथे ठिकठिकाणी एक चमत्कारिक कॅमेरा मांडलेला दिसतो. इंग्रजीत त्याला लाइन स्कॅन कॅमेरा म्हणतात आणि जर्मनमध्ये त्साइलेनकामेरा, म्हणजे सरळसरळ ओळीचा कॅमेरा. आपल्या फोनमधल्या कॅमेऱ्यात प्रकाश टिपणारे लाखो ठिपके उभ्या-आडव्या रांगांत मांडलेले असतात. ह्याच्यात ठिपक्यांची एकच ओळ असते. ह्या कॅमेऱ्याने समोर उभ्या असलेल्या माणसाचा फोटो काढायचा म्हटले, तर नाकाच्या शेंड्यावरून जाणारी केसाएवढी एक पट्टी मिळेल, बस्स!

मग पूर्ण चित्र मिळते कसे? येवल्याचा विणकर पैठणी विणतो, ती आठवा. त्याच्यापुढे एका वेळी एकच आडवा धागा येतो. तो बसला की पुढचा. पदरावरचा मोर कोणी एकदम उमटवत नाही, तो धाग्याधाग्याने तयार होतो. ओळीच्या कॅमेऱ्याचे तसेच आहे. कॅमेरा जागेवर ठेवून त्याच्या खालून वस्तू सरकवायची, किंवा वस्तू स्थिर असेल तर कॅमेरा सरकवायचा, आणि टिपलेल्या ओळी एकाखाली एक मांडत जायच्या. ऑफिसातला स्कॅनर हेच करतो. कारखान्यात सेकंदाला दहा मीटर वेगाने धावणाऱ्या पोलादी पत्र्यावरचा अर्ध्या मिलिमीटरचा ओरखडा पकडायचा असेल, तर सेकंदाला २०,००० ओळी टिपाव्या लागतात, आणि आजचे कॅमेरे ते सहज करतात. कागद, कापड, काच, छपाई, तांदळातले खडे, प्रयोगशाळेत प्रकाशाचे रंग वेगळे करून मोजणारी उपकरणे, सगळीकडे ही एक ओळ कामाला लागलेली आहे.

हा विषय आपल्या स्मरणिकेत मांडण्याचे कारण वेगळे आहे. इथे वाढणाऱ्या आपल्या मुलांशी बोलताना मला वारंवार जाणवते, की त्यांच्या मनात एक चित्र पक्के बसले आहे : तंत्रज्ञान इथले, आणि आपले आईवडील ते शिकायला व वापरायला भारतातून आले. ह्या समजुतीत तथ्य आहेच; पण ह्या एका ओळीच्या कॅमेऱ्याचा इतिहास पाहिला तर तो रस्ता दुहेरी असल्याचे दिसते. त्या रस्त्यावर एक अपघातही झाला, आणि दोन्ही बाजूंची माणसे त्यानंतर कशी वागली ते मुलांना सांगण्यासारखे आहे.

सुरुवात अमेरिकेत झाली. १९६९ साली बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ ह्यांनी सीसीडी ह्या चिपची कल्पना मांडली. पडलेल्या प्रकाशाचे विद्युतभारात रूपांतर करायचे आणि तो भार शेजाऱ्याच्या हातात देत देत टोकापर्यंत पोचवायचा. गावात आग लागली की विहिरीपासून घरापर्यंत रांग करून बादल्या पुढे सरकवतात ना, अगदी तसेच. ह्या कल्पनेला २००९ साली नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. पण सुरुवातीला मोठी चिप निर्दोष बनवणे फार अवघड होते. पाचशे गुणिले पाचशे म्हणजे अडीच लाख ठिपके, त्यांतले काही हमखास बिघडलेले निघत. पाचशे ठिपक्यांची एकच ओळ मात्र जमण्यासारखी होती. म्हणून १९७०च्या दशकाच्या पूर्वार्धात फेअरचाइल्ड कंपनीने बाजारात आणलेल्या पहिल्या सीसीडींमध्ये ५०० ठिपक्यांची एकच ओळ असलेली चिप होती.

जमिनीवर कारखान्यातला पट्टा सरकतो. आकाशात उपग्रह स्वतःच सरकत असतो, तेव्हा ओळीच्या कॅमेऱ्याला त्याहून योग्य जागा कोणती? जर्मनीचा ‘मॉम्स’ हा असा कॅमेरा जून १९८३ मध्ये अमेरिकेच्या स्पेस शटलमधून अवकाशात जाऊन आला. १९८६ साली फ्रान्सचा ‘स्पॉट’ उपग्रह गेला. आणि १७ मार्च १९८८ रोजी बैकानूरहून सोव्हिएत अग्निबाणावर भारताचा आयआरएस-१ए गेला. त्याच्यातले कॅमेरे अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरमध्ये तयार झाले होते. त्यांत २०४८ ठिपक्यांच्या सीसीडी ओळी होत्या आणि त्यांतला बारकाईने पाहणारा कॅमेरा जमिनीवरचा सव्वाछत्तीस मीटरचा चौकोन एक ठिपका म्हणून पाही. उपग्रहाची सावली जमिनीवरून सेकंदाला सुमारे साडेसहा किलोमीटर धावते असे धरले, तर सेकंदाला जवळजवळ १८० ओळी झाल्या. उपग्रह सोव्हिएत अग्निबाणाने वर गेला, पण डोळे आपले होते. अहमदाबादच्या ह्या केंद्राचे संचालकपद पुढेमागे दोन मराठी माणसांनी भूषवले आहे : कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस, ज्यांचे २०२५ साली वयाची शंभरी ओलांडल्यावर पुण्यात निधन झाले, आणि पुण्यात जन्मलेले प्रमोद काळे. त्याच १९८८ साली नागपुरात महाराष्ट्र रिमोट सेन्सिंग ॲप्लिकेशन्स सेंटर सुरू झाले, आणि आपल्या राज्यातली पिके, पाणलोट, भूजल ह्यांचे नकाशे अशा चित्रांवरून तयार होऊ लागले.

आता स्टुटगार्टकडे येतो. एका ओळीच्या चित्रातून लांबी-रुंदी कळते, उंची कळत नाही. सुईत दोरा ओवताना एक डोळा मिटून पाहा, काय अडते ते लगेच कळेल. ह्यावर जर्मनीत ओटो होफमान ह्यांनी एक युक्ती काढली. एकाऐवजी तीन ओळी बसवायच्या. एक पुढे पाहणारी, एक सरळ खाली आणि एक मागे. उपग्रह पुढे सरकताना एकच डोंगर आधी पहिल्या ओळीला, मग मधल्या आणि शेवटी तिसऱ्या ओळीला दिसतो. तीन कोनांतून दिसल्यामुळे त्याची उंची काढता येते.

कागदावर हे सोपे वाटते. पण प्रत्येक ओळ वेगळ्या क्षणी टिपलेली असते, आणि त्या क्षणात विमान किंवा उपग्रह जरासा डुलला, तरी सरळ रस्ता चित्रात सापासारखा वळवळतो. म्हणून प्रत्येक ओळीच्या वेळी कॅमेरा नेमका कुठे होता आणि कुठे झुकला होता, हे गणिताने शोधावे लागते. हे गणित स्टुटगार्टच्या विद्यापीठातल्या फोटोग्रामेट्री संस्थेचे खास क्षेत्र. फोटोवरून मोजमाप करण्याचे हे शास्त्र इथे फ्रीडरिश आकरमान ह्यांनी नावारूपाला आणले. १९०९ साली येना येथे सुरू झालेला ‘फोटोग्रामेट्रिक वीक’ हा जगभरच्या तज्ज्ञांचा मेळावाही पुढे अनेक वर्षे ह्याच शहरात भरत राहिला. १९९३ साली तीन ओळींचा ‘मॉम्स-०२’ शटलमधून उडाला, तेव्हा त्याच्या चित्रांवरून संगणकाने आपोआप डोंगरदऱ्यांची उंची काढण्याचे काम ह्या संस्थेने केले. विमानातल्या अशा कॅमेऱ्यांची परीक्षा घेण्यासाठी तिने १९९५ मध्ये इथून जवळच असलेल्या एन्त्स नदीकाठच्या फाइहिंगन गावाभोवती अचूक मोजून ठेवलेल्या खुणांचे एक चाचणी-क्षेत्र तयार केले. आपल्या एस-बानचे फाइहिंगन वेगळे, हे फाइहिंगन शहराच्या वायव्येला!

पण तीन ओळींचा कॅमेरा उपग्रहावर बसवून पाठवण्याचा जर्मनीचा प्रयत्न ह्याच्या आधीच झाला होता, आणि त्यासाठी निवडलेला उपग्रह व अग्निबाण दोन्ही भारतीय होते. जर्मन अवकाश संशोधन संस्थेने ‘मिओस’ नावाचा कॅमेरा बनवला. एकाच भिंगामागे तीन सीसीडी ओळी, अशी त्याची रचना. तो भारताच्या श्रॉस-२ ह्या दीडशे किलोच्या उपग्रहावर बसवण्यात आला. १३ जुलै १९८८ रोजी, म्हणजे आयआरएस-१एच्या यशाला चार महिनेही झाले नव्हते तेव्हा, श्रीहरिकोटाहून एएसएलव्ही अग्निबाणाचे दुसरे उड्डाण झाले. बाजूच्या दोन अग्निबाणांचे इंधन संपून मधला टप्पा सूत्रे हाती घेतो, त्या नाजूक सांध्यावर यानाचा तोल गेला. काही क्षणांत ते मोडले, आणि श्रॉस-२ मिओससकट बंगालच्या उपसागरात गेला.

परक्या देशाने विश्वासाने दिलेले, अनेक वर्षे खपून केलेले उपकरण आपल्या अग्निबाणावर नष्ट होणे, ही किती जिव्हारी लागणारी गोष्ट असेल! एएसएलव्हीचे पहिले उड्डाणही आदल्याच वर्षी फसले होते. जर्मनीने ह्यापुढे भारताकडे पाठ फिरवली असती तर कोणी दोष दिला नसता.

तसे झाले नाही. भारतीय अभियंत्यांनी चूक शोधली, यानाचे नियंत्रण सुधारले आणि २० मे १९९२च्या तिसऱ्या उड्डाणात उपग्रह कक्षेत पोचवला. ती शिकवण पुढे पीएसएलव्हीच्या कामी आली. इकडे जर्मनीत विमानातून घेतलेल्या मिओसच्या चित्रांवर अभ्यास चालू राहिला. आणि २१ मार्च १९९६ रोजी पीएसएलव्हीने आयआरएस-पी३ उपग्रह नेला, तेव्हा त्यावर समुद्राचा रंग पाहणारे ‘मॉस’ नावाचे जर्मन उपकरण होते. ह्या वेळी ते सुखरूप पोचले.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रशियाचे मंगळयान कोसळले आणि त्याच्यातले दोन जर्मन कॅमेरेही गेले. त्यांतल्या ‘वाओस’ ह्या तीन ओळींच्या कॅमेऱ्याची सुधारित आवृत्ती ‘बर्ड’ ह्या जंगलातले वणवे शोधणाऱ्या जर्मन उपग्रहावर बसवली गेली. २२ ऑक्टोबर २००१ रोजी तो उपग्रह अवकाशात गेला, तो श्रीहरिकोटाहून, पीएसएलव्हीवरूनच. १९८८ साली जे काम अर्धवट राहिले होते, ते तेरा वर्षांनी त्याच किनाऱ्यावरून पुरे झाले असे मी मानतो.

चित्रांचा प्रवास उलट दिशेनेही झाला. २८ डिसेंबर १९९५ रोजी गेलेल्या आयआरएस-१सी उपग्रहावरचा भारतीय कॅमेरा जमिनीवरचे ५.८ मीटरचे तपशील पाही. नागरी उपग्रहांत त्या काळी ह्याहून बारीक नजर दुसरी नव्हती. उत्तर जर्मनीतल्या नॉयश्ट्रेलिट्झ येथील जर्मन केंद्रात ही चित्रे उतरवली जात आणि तिथून युरोपभर विकली जात. म्हणजे आपल्यापैकी काहीजण नव्वदच्या दशकात इथे नुकते रुळत होते, तेव्हा इथली शेते आणि शहरे अहमदाबादच्या डोळ्यांनी पाहिली जात होती! पुढे भारताने उंची मोजण्याची विद्याही आपलीशी केली. २००५ सालच्या कार्टोसॅट-१ वर पुढे आणि मागे पाहणारे दोन कॅमेरे होते, तर २००८ सालच्या चांद्रयान-१ ने तीन ओळींच्या कॅमेऱ्याने चंद्राचा पृष्ठभाग टिपला.

मेसेच्या दालनांच्या जवळच एष्टरडिंगनला एक स्मारकशिला आहे. ५ ऑगस्ट १९०८ रोजी काउंट झेपेलिनचे हवाई जहाज तिथे उतरले असता वादळाने उखडले आणि जळून खाक झाले. ह्या भागातल्या लोकांनी त्यांना हसण्याऐवजी वर्गणी काढली. देशभरातून साठ लाखांवर मार्क जमले आणि काम पुन्हा उभे राहिले. स्वाबियन मुलांना ही गोष्ट शाळेत असतानाच कळते. तशी श्रॉस-२ ची गोष्ट आपल्या मुलांना कोणी सांगत नाही, कारण आपण यशाच्याच कथा सांगतो.

मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी-शहरे आहेत. ह्या नात्याचे सोहळे आपण आनंदाने साजरे करतो, आणि ते करावेतच. पण मंडळी, पुढच्या ‘व्हिजन’ला मुलांना घेऊन गेलात, तर तो एका ओळीचा कॅमेरा त्यांना जरूर दाखवा. ह्या कॅमेऱ्याच्या प्रवासात एक उपकरण समुद्रात गेले आणि त्यानंतरही दोन देशांच्या माणसांनी एकमेकांवरचा भरवसा मोडू दिला नाही, एवढे त्यांना सांगा. बाकीची ओळ ती स्वतः पुढे ओढतील.